मांडीखालचे हात

नातीच्या बेरा या श्रवणचाचणीचा अहवाल हाती आला त्या आठवड्यात आम्ही सगळ्यांना विचारले. कानाच्या दोन डॉक्टरांना विचारले, बालरोगतज्ज्ञांना विचारले, जावयाच्या कार्यालयातील ज्या गृहस्थांच्या पुतणीचे असेच ऑपरेशन झाले होते त्यांना घरी जेवायला बोलावून विचारले, आणि माझ्या नणंदेने तर कुलदैवताला कौलही लावला. विचारले नाही ते फक्त माझ्या धाकट्या भावाला. आणि आमच्या घरात जन्मापासून बहिरा असलेला माणूस तो एकटाच होता.

ही गोष्ट २०१५ सालची आहे. माझी नात तेव्हा चौदा महिन्यांची होती. फारशी रडत नाही, कुकरच्या शिट्टीने दचकत नाही, पाहुण्यांच्या गलक्यातही गाढ झोपते, म्हणून आम्ही तिला मोठ्या कौतुकाने शहाणे बाळ म्हणत होतो. जन्मल्यावर दोन मिनिटांत होणारी श्रवणचाचणी तिची झालेली नव्हती आणि ती करायची असते हे आम्हाला कोणी सांगितलेही नव्हते. अहवालात दोन्ही कानांच्या आलेखांखाली एकच मजकूर होता: ९० डेसिबलपर्यंत प्रतिसाद नाही. त्या संध्याकाळी साताऱ्याच्या घरी जेवणाच्या टेबलाभोवती आम्ही नऊ माणसे बसलो होतो. कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून कानात बसवायचे ऐकण्याचे यंत्र, करायचे की नाही, केले तर एका कानाचे की दोन्ही, पैसे कसे उभे करायचे, असे बोलणे रात्री साडेअकरापर्यंत चालले. माझा भाऊ टेबलाच्या टोकाला बसून एकेकाच्या ओठांकडे पाहत होता. मधेच त्याने माझ्या दंडाला हात लावून भुवया उंचावल्या. त्या खुणेचा अर्थ लहानपणापासून मला ठाऊक आहे: ‘काय चाललंय?’ मी हातानेच ‘नंतर सांगते’ म्हटले. आयुष्यभर मी त्याला हेच उत्तर देत आले होते, आणि ते ‘नंतर’ क्वचितच उगवले होते.

आमच्या घरात बहिरेपण कुठून आले, हे आता समजते. माझ्या वडिलांचे लग्न त्यांच्या सख्ख्या मामाच्या मुलीशी झाले होते. आमच्याकडे मामेबहीण करणे ही रीतच होती. घरातली मुलगी घरात राहिली, असे म्हणत. चार भावंडांत एकटा तो बहिरा जन्मला. नातीच्या रक्ताच्या तपासणीत जीजेबी-२ नावाच्या जनुकात दोष निघाला. हा दोष आई आणि बाप दोघांकडून आला तरच मूल बहिरे होते. एकाकडून आला तर माणूस नुसता वाहक राहतो आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. माझी मुलगी वाहक निघाली आणि जावई नात्यातले नसूनही वाहकच निघाले. त्या अहवालाने माझ्या आईवरचा एक जुना आरोप पुसला. गरोदरपणात ग्रहण पाळले नाही म्हणून मूल बहिरे झाले, असे तिला चाळीस वर्षे ऐकवले गेले होते. अहवाल आला तेव्हा ती हयात नव्हती.

ऑपरेशन करावे की नाही, या प्रश्नाचे माझे उत्तर मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यावरून कोणाचा गैरसमज होऊ नये. आम्ही केले, आणि आज तोच प्रसंग पुन्हा आला तर पुन्हा करू, शिवाय दोन-चार महिने आधी करू. ज्यांच्या बाळाची श्रवणनस शाबूत आहे, ज्यांना मशीन आणि त्यानंतरची वर्षे झेपण्यासारखी आहेत, त्या ऐकणाऱ्या आईबापांनी वाट पाहू नये, असेच मी सांगते. ‘मूल मोठे झाल्यावर त्याचे त्यालाच ठरवू द्या’ हे वाक्य ऐकायला न्यायाचे वाटते. पण आवाजाचा अर्थ लावायला मेंदू ज्या वर्षांत शिकतो ती पहिली तीन-चार वर्षेच असतात, आणि अठराव्या वर्षी हा निर्णय घेणाऱ्या जन्मतः बहिऱ्या माणसाच्या हाती त्यातले फार थोडे उरलेले असते. इथे न ठरवणे हेही आईबापांनी त्याच्या वतीने ठरवणेच असते.

मात्र हे यंत्र काय आहे आणि काय नाही, हे समजून घ्यायला मला फार वेळ लागला. निरोगी कानाच्या आतल्या शंखात ध्वनी टिपून नसेकडे पाठवणाऱ्या केसपेशी सुमारे साडेतीन हजार असतात. आमच्या नातीच्या शंखात सरकवलेल्या बारीक तारेवर २२ इलेक्ट्रोड आहेत. कानामागचे यंत्र बाहेरचा आवाज टिपते, त्याचे विजेच्या संकेतांत रूपांतर करते, डोक्याला लोहचुंबकाने चिकटलेली वाटोळी कॉइल ते संकेत कातडीच्या पलीकडे पाठवते, आणि ते २२ बिंदू श्रवणनसेला थेट चेतवतात. साडेतीन हजारांचे काम बावीस जणांनी करायचे. त्यामुळे शांत खोलीतले बोलणे चांगले कळते, लग्नाच्या मांडवातले कळत नाही, आणि गाण्याची चाल तर फारच पुसट पोहोचते. १९५७ साली पॅरिसमध्ये झूर्नो आणि एरिएस यांनी बहिऱ्या माणसाच्या कानात पहिल्यांदा तार बसवली, १९७८ साली मेलबर्नमध्ये ग्रेम क्लार्क यांनी अनेक इलेक्ट्रोडांचे यंत्र बसवले. ही माणसांनी केलेली फार मोठी गोष्ट आहे आणि मला तिच्याबद्दल मनापासून आदर वाटतो. परंतु चष्मा लावला की दिसू लागते तसे इथे होत नाही. ऑपरेशनच्या दिवशी बाळ ऐकू लागते, असे आमच्या आळीतल्या प्रत्येकाला वाटत होते, आणि खरे सांगायचे तर मलाही वाटत होते.

टाके सुकल्यावर तीन आठवड्यांनी मशीन सुरू केले. मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींत बाळ आईचा आवाज ऐकून हसते आणि सगळे डोळे पुसतात. आमच्या नातीने किंकाळी फोडली, कॉइल उपटून फेकली आणि त्यानंतर अर्धा तास ती आईच्या खांद्यात डोके खुपसून होती. पुढचे चार महिने ती कॉइल लावणे हाच घरातला मोठा उद्योग होता. मग एका दुपारी वीज गेली. ती जमिनीवर डब्यांशी खेळत होती, आणि अचानक हात थांबवून तिने वर पंख्याकडे पाहिले. पंखा फिरायचा थांबत आला होता. तिने आवाज ऐकला हे आम्हाला आवाज बंद पडल्यावर कळले. तिचा पहिला शब्दही त्यातूनच आला. वीज जायची, ती वर बोट करायची आणि म्हणायची, ‘गेई.’ ‘गेली’तला ‘ल’ यायला आणखी सात महिने लागले.

आता मांडीखालच्या हातांविषयी.

मशीन सुरू झाल्यावर वाचा-उपचार सुरू झाले. आठवड्यातून दोनदा पुण्याला जायचे, तिथे शिकवलेले घरी दिवसभर करायचे. नातीच्या पाठीमागे बसून आ, ऊ, ई, म, श, स हे सहा आवाज काढायचे आणि प्रत्येक आवाजाला तिने एक मणी डब्यात टाकायचा. ओठ दिसू नयेत म्हणून तोंडापुढे हात धरायचा. हे सगळे आम्ही मन लावून केले आणि त्याचे फळ मिळाले, यात शंका नाही. पण पहिल्याच भेटीत आम्हाला एक नियम घालून देण्यात आला होता. मुलीपुढे खुणा करायच्या नाहीत. खुणेने काम भागले तर ती बोलण्याचे कष्ट कशाला घेईल, असे त्यामागचे म्हणणे होते. घरात कोणी खुणा करणारे आहे का, असे विचारले तेव्हा माझ्या मुलीने मामाचे नाव सांगितले. त्यावर, काही वर्षे त्यांना जरा जपून राहायला सांगा, असा सल्ला मिळाला.

ते माझ्या भावाला मीच सांगितले. त्याच्याच घरात, त्याच्याच हातांच्या भाषेत मी त्याला सांगितले की बाळासमोर ही भाषा बोलू नकोस. त्याने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवसापासून नात खोलीत आली की तो दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसू लागला. ती त्याच्या गुडघ्याला धरून उभी राहायची, चेहऱ्याकडे टक लावून पाहायची, आणि तो नुसता हसायचा. मी ते दोन वर्षे पाहिले. मला ते दिसत नव्हते असे मी म्हणू शकत नाही.

तसे बसायला तो शाळेत शिकला होता. १९७२ साली, सहाव्या वर्षी, त्याला परगावच्या मूकबधिर निवासी शाळेत ठेवले. त्या काळच्या बहुतेक अशा शाळांप्रमाणे तिथेही सगळा भर मुलांना बोलते करण्यावर होता. बाईंच्या गळ्यावर हात ठेवून कंप जाणायचा, ओठांपुढे कागदाची पट्टी धरून ‘प’ म्हणायचा, पट्टी हलली की बरोबर. हात हलले की छडी, म्हणून मुलांना हात मांडीखाली घालून बसवत. आठ वर्षांनी तो आई, पाणी, नको, दादा, ताई आणि स्वतःचे नाव एवढे शब्द घेऊन घरी आला, आणि तेही घराबाहेर कोणाला कळत नसत. त्याची खरी शाळा रात्री भरत असे. दिवे मालवल्यावर वसतिगृहाच्या जिन्यातल्या पिवळ्या बल्बखाली मोठी मुले लहानांना हातांनी गोष्टी सांगत. शिवाजी महाराज आग्र्याहून कसे सुटले, ही गोष्ट आम्हा सगळ्या भावंडांना पुस्तकातून कळली. त्याला ती त्या जिन्यात कळली, आणि त्याच्याइतकी जिवंत ती मी अजून कोणाकडून ऐकलेली नाही.

या छडीचे मूळ फार लांब आहे. १८८० साली इटलीत मिलान येथे बधिर-शिक्षणाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि तिने ठराव केला की शिक्षण तोंडी भाषेतूनच द्यावे, खुणांची भाषा वर्गातून काढून टाकावी. तिथे जमलेल्या १६४ प्रतिनिधींपैकी स्वतः बहिरा असलेला माणूस एकच होता. त्या ठरावाचा वारा जगभर गेला. मुंबईतली बहिऱ्या मुलांची पहिली शाळाही त्याच दशकातली. पुढे २०१० मध्ये व्हँकुव्हरच्या परिषदेने त्या ठरावाबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. मधे १३० वर्षे गेली. माझ्या भावाची आठ वर्षे त्या १३० वर्षांतली होती, आणि मी त्याला जी दोन वर्षे हात दडपून बसायला लावले ती तर खेद व्यक्त झाल्यानंतरची आहेत.

नात चार वर्षांची असताना एका रात्री तिला सडकून ताप भरला. तिची आई आणि बाप पुण्यात होते, घरी मी आणि भाऊ. रात्री मशीन काढून कोरड्या डब्यात ठेवावे लागते, म्हणजे झोपताना ती बहिरीच असते. ऑपरेशनला दोन वर्षे उलटली तरी या गोष्टीचा आम्ही कोणी सरळ विचार केला नव्हता. ती रडत उठली. मी डोक्याला कॉइल लावायला गेले तर ती हात झटकू लागली, डोके धरू देईना. मी विचारत होते, पोट दुखतंय का, कान दुखतोय का, आणि ती माझ्या हलणाऱ्या ओठांकडे घाबरून पाहत होती. तेवढ्यात भाऊ उठून आला. त्याने आधी दिवा लावला. मग तिच्यासमोर मांडी घालून बसला, स्वतःच्या पोटावर हात ठेवून चेहरा कळवळला आणि भुवया उंचावल्या, मग गळ्यावर हात, पुन्हा तोच चेहरा, मग कानावर. तिने रडणे थांबवले, दोन बोटे स्वतःच्या गळ्याला लावली आणि त्याच्यासारखाच चेहरा केला. घसा दुखत होता. त्याने पेल्याची खूण केली, वाफेसाठी बोटे वर नेली: गरम पाणी? तिने मान हलवली. एवढे बोलणे व्हायला एक मिनिटही लागले नाही. त्या खोलीत त्या क्षणी बहिरी आणि मुकी मी होते.

सकाळी मी त्याला विचारले. जे तीन वर्षांपूर्वी टेबलावर विचारायला हवे होते ते विचारले: आम्ही केले ते बरोबर केले का? तो छापखान्यात बाइंडिंगचे काम करत असे. फर्म्यांच्या कातरलेल्या कडांच्या पट्ट्या त्याच्या खिशात नेहमी असत. त्याने अशी एक पट्टी काढली आणि लिहिले: ‘मशीन चांगली. मुलगी आई आवाज ऐकते. हात पण पाहिजे. रात्र मशीन नाही.’

ही पट्टी माझ्याजवळ आहे. तिच्याबद्दल एक गोष्ट लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. मी चौतीस वर्षे मराठी शिकवली. शाळेत असताना तो मला पत्रे लिहीत असे, आणि मी, तेव्हा जेमतेम बारा वर्षांची, त्यातल्या चुका लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवीत असे. ‘आई आवाज’ नव्हे, ‘आईचा आवाज’. ‘रात्र’ नव्हे, ‘रात्री’. मराठीतले प्रत्यय शब्दाच्या शेपटाशी हळूच येतात, बोलताना निम्मे गिळले जातात, ओठांवर तर दिसतच नाहीत. ज्याने ते कधी ऐकले नाहीत आणि ज्याला दुसऱ्या कोणत्याही भाषेतून ते कोणी समजावले नाहीत, त्याने ते लिहावेत कुठून? त्याच्याजवळ समजावून घेण्यासारखी एक पूर्ण भाषा होती, तीच वर्गात बंद होती. मराठीची शिक्षिका म्हणून मला ही गोष्ट पन्नाशी उलटल्यावर कळली, याचे दुःख मला आजही आहे.

खुणांची भाषा म्हणजे हातवारे, ही समजूत अजूनही आपल्याकडे पक्की आहे. १९७०च्या दशकाच्या अखेरीस मदन वशिष्ठ, जेम्स वुडवर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली, कलकत्ता, मुंबई आणि बंगळूर येथल्या बहिऱ्या लोकांच्या खुणा गोळा केल्या आणि दाखवून दिले की शब्द थोडे बदलले तरी ही भाषा आहे. वशिष्ठ स्वतः बालपणी बहिरे झालेले होते. या भाषेला स्वतःचे व्याकरण आहे. प्रश्नार्थक खूण वाक्याच्या शेवटी येते: ‘तू गाव कुठे?’ प्रश्न आहे हे भुवया सांगतात, म्हणून चेहरा हा व्याकरणाचा भाग असतो. ऐकणाऱ्यांच्या जगाने शिकवली नाही तर मुले ती आपसात घडवतात, हे निकाराग्वात तर जगाच्या डोळ्यांदेखत झाले. १९७०च्या दशकाच्या शेवटी मनाग्वातल्या शाळेत बहिरी मुले पहिल्यांदा मोठ्या संख्येने एकत्र आली आणि काही वर्षांत त्यांनी आधी कुठेच नसलेली एक भाषा उभी केली. आमच्या भावाच्या शाळेचा जिना त्याच जातीचा होता.

खुणा शिकवल्या तर मूल बोलणार नाही, ही भीती मात्र उडवून लावण्यासारखी नाही. अमेरिकेत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, इम्प्लांट झालेल्या ज्या मुलांच्या घरी खुणा वापरल्या गेल्या नव्हत्या त्यांचे बोलणे अधिक चांगले आढळले. त्याआधी २०१४ सालच्या दुसऱ्या, फार लहान अभ्यासात मात्र बहिऱ्या आईबापांच्या पोटी जन्मलेली, पाळण्यापासून खुणांची भाषा मिळालेली आणि मग इम्प्लांट झालेली मुले इंग्रजीत कुठेही मागे नव्हती. दोन्ही वाचून माझे मत असे झाले की पहिल्या अभ्यासातल्या बऱ्याच घरी आईबाप खुणा नुकत्याच, अडखळत शिकत असणार, तर दुसऱ्यातल्या घरी ती मातृभाषाच होती. म्हणजे कमी पडले असेल तर ते अर्धवटपणामुळे. हे माझे मत आहे, विज्ञानाचा निकाल नव्हे. पण आमच्या घरात अस्खलित बोलणारा माणूस बसलेलाच होता. शिकवणी लावायचीही गरज नव्हती.

बहिऱ्या लोकांच्या संघटनांनी या यंत्राला विरोध केला तेव्हा वर्तमानपत्रे वाचून मलाही त्यांचा राग आला होता. १९९० मध्ये अमेरिकी सरकारच्या औषध प्रशासनाने दोन वर्षांपुढच्या मुलांसाठी या ऑपरेशनला मान्यता दिली आणि पुढच्याच वर्षी तिथल्या नॅशनल असोसिएशन ऑफ द डेफ या संस्थेने त्याचा कडक शब्दांत निषेध केला. आपले मूल ऐकू नये असे कोणाला कसे वाटेल, असे मी तेव्हा म्हटले असते. पण त्यांच्या जागी क्षणभर उभे राहून पाहिले तर दिसते की एका पिढीला छडीने बोलते करायचा प्रयत्न झाला होता आणि त्याच पिढीला आता सांगितले जात होते की तुमच्यासारखे मूल जन्मणे ही दुरुस्त करायची चूक आहे; आणि दोन्ही वेळा त्यांना कोणी विचारलेच नव्हते. २००० साली त्या संस्थेने आपली भूमिका बदलली, इम्प्लांट हा अनेक मार्गांपैकी एक मार्ग मानला आणि भाषा लवकर मिळण्यावर भर दिला. हट्ट सोडण्याचे ते धैर्य ऐकणाऱ्या बाजूने तितक्या लवकर दाखवल्याचे मला दिसत नाही. आई आणि बाप दोघेही बहिरे असतील, घरात सांकेतिक भाषा वाहती असेल, आणि त्यांनी आपल्या बाळाला ऑपरेशन नको म्हटले, तर त्यांना अडाणी म्हणण्याचा हक्क मला नाही. त्यांच्या बाळाला पहिल्या दिवसापासून भाषा आहे. आमच्या नातीला पहिले वीस महिने कोणतीच नव्हती. मला विचाराल तर खरे संकट ते वीस महिने आहेत, आणि पुढे खुणांवर बंदी घालून आम्ही ते आणखी लांबवले.

पैशाचे लिहायला हवे, कारण आपल्याकडे बहुतेक घरांत निर्णय तिथेच होतो. आम्ही एकाच कानाचे केले. मशीनचे आणि ऑपरेशनचे मिळून जे लागले त्यात माझा भविष्यनिर्वाह निधी गेला. अपंगांना साधने पुरवणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून २०१४ पासून वर्षाला ५०० मुलांना मशीन देण्याची तरतूद झाली, तिचे काम वांद्र्याची अली यावर जंग संस्था पाहते. शिवाय राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, जो २०१३ मध्ये आपल्या पालघरहून सुरू झाला, त्यातूनही तपासण्या आणि ऑपरेशने होतात. या योजनांनी अनेक घरे उजळली आहेत. पण देशात वर्षाला दोन कोटींहून अधिक बाळे जन्मतात आणि हजारात एक जरी बहिरे धरले तरी आकडा वीस हजारांवर जातो. बाकीच्यांचे काय? आणि ज्यांना मिळते त्यांचेही पुढे काय? केबल तुटते, कॉइल बिघडते, पावसाळ्यात ओल धरते, आणि बदलून आणायला काही हजार रुपये लागतात. उपचारांच्या केंद्रावर मला एक आजी भेटत. कोयनेच्या बाजूच्या एका वाडीतून तीन गाड्या बदलून नातवाला आणत. पुढे त्या येईनाशा झाल्या. वर्षभराने स्टँडवर भेटल्या तेव्हा मुलगा बरोबर होता आणि कानामागे काही नव्हते. ‘केबल गेली, आता कपाटात हाय,’ त्या म्हणाल्या. त्या मुलाला शिकवलेल्या बोलण्याचे चार शब्द होते आणि खुणा तर बंदच केल्या होत्या. तो सहा वर्षांचा होता. कपाटातल्या मशीनला पर्याय म्हणून त्याच्या हातात काहीच ठेवले गेले नव्हते, आणि हे कोणत्याही दोन बाजूंच्या वादात येत नाही.

त्या तापाच्या रात्रीनंतर आमच्या घरातला नियम मोडला. वाचा-उपचार चालूच राहिले, सहा आवाज, मणी, सगळे चालू राहिले; फक्त संध्याकाळी सहा ते सात ही वेळ मामाआजोबांची झाली. दिल्लीत २०१५ मध्ये, म्हणजे आमच्या अहवालाच्याच वर्षी, भारतीय सांकेतिक भाषेची राष्ट्रीय संस्था सुरू झाली होती, आणि तिने केलेल्या शब्दकोशाच्या चित्रफिती आता मोबाइलवर पाहता येतात. दोघे मिळून त्या पाहतात. तिथली एखादी खूण मामाआजोबांना मान्य नसली की ते मान जोरात हलवतात आणि आपली जिन्यातली खूण दाखवतात. नात दोन्ही लक्षात ठेवते. तिचे बोलणे यामुळे थांबले नाही. ‘ळ’ अजून कच्चा आहे, ‘बाळ’ आणि ‘बाल’ यांत तिची गफलत होते, पण विभक्तीचे प्रत्यय तिला येतात, आणि एकदा मी पाहिले तर ती मामाआजोबांना ‘चा, ची, चे’ कुठे लावायचे हे खुणांनी समजावत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ते पाहिले. पन्नास वर्षांपूर्वी लाल शाईने मला जे जमले नव्हते ते अकरा वर्षांची मुलगी हाताने करत होती.

गेल्या महिन्यात पुन्हा आम्ही सगळे त्याच टेबलाभोवती बसलो. तिचे कानामागचे यंत्र जुने झाले आहे, त्याचे सुटे भाग मिळेनासे होत चालले आहेत, आणि नवे घ्यायचे तर पुन्हा काही लाखांचा प्रश्न आहे. दुसऱ्या कानाचाही विचार करावा का, असे डॉक्टरांनी सुचवले आहे. या वेळी माझा भाऊ टोकाला नव्हता. नात त्याच्या समोर बसली होती आणि जे बोलले जाईल ते हातांनी त्याला सांगत होती, तो जे म्हणेल ते तोंडाने आम्हाला. दोघांनी एकदम बोलायचे नाही, असे तिने आधीच बजावले होते, कारण तिलाही मग काही कळत नाही. एकेकाने बोलायचे म्हटल्यावर चर्चेला अडीच तास लागले. जावयांनी हप्त्यांचा हिशेब मांडला. मुलगी म्हणाली की दुसऱ्या कानाला आता उशीर झालेला असेल. नातीच्या हातांतून ते वाक्य गेल्यावर माझ्या भावाने तिच्याकडेच बोट केले आणि भुवया उंचावल्या. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग त्याला काहीतरी म्हणाली, त्याने तिला काहीतरी म्हटले, त्यांचे बोलणे चालूच राहिले आणि आम्ही सगळे त्या चार हातांकडे पाहत बसलो. जावयांना सकाळी लवकर निघायचे होते. ते घड्याळाकडे पाहून म्हणाले, ‘मग ठरलं ना?’

‘थांबा,’ नात मान न वळवता म्हणाली, ‘मामाआजोबांचं अजून झालेलं नाही.’